काकूंची वेगळी लाइन

चाळीस वर्षं ट्रक चालवल्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. तो मोडायला वायरिंगवाल्या बाईंना आठ दिवस लागले.

आमच्या हिला फुप्फुसांचा आजार. ऑक्सिजनचं मशीन थांबलं की थोड्याच वेळात ओठ निळे पडतात. हिची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहते, गुडघ्यांनी अधू, आणि तिच्याकडे वीज आली तर आली. दोघींची तीन वर्षांत भेट नव्हती. म्हणून मी झोपायची-रांधायची सोय असलेली जुनी घरगाडी घेतली. पहिल्याच खेपेला अर्ध्या वाटेत बॅटऱ्यांनी मान टाकली आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवर कसेबसे घरी आलो. ही म्हणाली, "राहू द्या हो. फोनवर दिसते की ती." मला ते फार लागलं.

मग मी लिथियमची बॅटरी आणि चार सौर पॅनल आणली आणि बाईंच्या पत्र्याच्या शेडपुढे गाडी उभी केली. "तासाभराचं काम आहे," असंही सांगून टाकलं.

बाई पन्नाशीच्या. बसच्या डेपोत बावीस वर्षं काढलेल्या. पहिलं वर्षभर तिथे त्यांच्या हाती फक्त झाडू होता. तीन मिस्त्र्यांना न सापडलेला बिघाड त्यांनी झाडता झाडता दाखवला, तेव्हा कुठे पक्कड मिळाली. त्यांनी माझ्या गाडीतली फळी उचकटली आणि म्हणाल्या, "काका, या वायरी नव्या बॅटरीपुढे टिकायच्या नाहीत. पेटतील. चार्जरही जुन्या बॅटरीचा आहे, तोही बदलायचा."

"फार भित्र्या बुवा तुम्ही."

"आहेच. म्हणून आजवर माझी एकही गाडी पेटली नाही."

बोटाएवढ्या जाड वायरी आल्या. प्रत्येक जोड दिला की बाई फळीला पाय टेकून तो दोन्ही हातांनी ओढून बघत. मी रोज सकाळी जाऊन डोकं खायचो, आणि त्या रोज मला स्टूल देऊन गप्प बसवत.

आठव्या दिवशी काम संपलं. मी किल्ली मागितली, तर बाई शिडीवर चढून नव्याकोऱ्या पॅनलवर ताडपत्री पसरत होत्या!

"अहो, हे काय?"

"ऊन असताना सगळेच शहाणे. काकूंना घेऊन या. भरलेली बॅटरी उन्हाशिवाय किती टिकते ते बघू."

त्या दिवशी बाईंनी दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. हिच्याशेजारी बसून मशीनचा आवाज ऐकत राहिल्या. दुपारी मला चहाची तल्लफ आली. विजेच्या किटलीचं बटण दाबलं आणि मशीन बंद. हिने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी तोवर नळी सिलिंडरला लावलीसुद्धा होती. चूक माझीच. वाटेत मी हेच केलं असतं आणि शेजारी बाई नसत्या तर?

त्या मला रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "बरं झालं, इथेच कळलं. किटली आणि मशीन एकाच इन्व्हर्टरवर ठेवली, त्याला भार झेपला नाही. हे माझं चुकलं." संध्याकाळपर्यंत त्यांनी मशीनला वेगळा इन्व्हर्टर आणि स्वतंत्र लाइन दिली. "आता काकांच्या चहाचा आणि काकूंच्या श्वासाचा काही संबंध नाही. हवा तेवढा प्या."

पुढच्या आठवड्यात निघालो. दोन्ही दिवस आभाळ भरलेलं होतं, तरी मशीन चालू राहिलं. थोरली बहीण काठी टेकत अंगणातल्या आमच्या गाडीत चढली आणि हिचा हात धरून बसली. मग तिने भीत भीत विचारलं, "किती वेळ आहेस गं?"

ही म्हणाली, "तू कंटाळशील तोवर."

मी बाहेर आलो आणि आभार मानायला बाईंना फोन लावला. माझे नुसते हुंदके ऐकून बाई घाबरल्या. "काका! काय बंद पडलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "बाई, काहीच बंद पडलं नाही."