घाईच्या लशीचे संथ काका

अख्ख्या नवी मुंबईत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका सावकाश माणूस दुसरा नाही, आणि एवढ्या घाईने काढलेली ती साथीची लस ह्याच माणसाच्या नजरेखालून गेली, हे मी कोपरखैरण्यात कुणालाही छातीठोकपणे सांगते. लोक हसतात. हसू देत! काका तुर्भ्याच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्या बघायचे. म्हणजे खरंच नुसत्या बघायचे. भरलेली इवलीशी बाटली हातात घ्यायची, हलकेच फिरवायची, आधी पांढऱ्या पाटीसमोर धरायची, मग काळ्या. आत केसाएवढा तंतू जरी दिसला तरी बाटली बाजूला. पंचवीस वर्षं हेच काम.

आता पंचवीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन डोळे काढून ठेवणार कुठे? रसवंतीत गेले की रसाचा ग्लास आधी पांढऱ्या भिंतीसमोर धरणार, मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या काळ्या बॅगेसमोर. दिवाळे गावच्या बाजारात मासे घ्यायला गेले तर एकेक पापलेट असं उलटंपालटं करून निरखलं, की कोळीणबाई वैतागून म्हणाली, "ओ काका, म्हावरं हाय ते, नवरी नाय!" एकदा भर उन्हात आमच्याकडे आले, तर मी कौतुकाने सब्जा घालून सरबत दिलं. काकांनी ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला आणि अलगद खाली ठेवला. "वहिनी, कण तरंगत्यात." मी म्हटलं, "अहो काका, सब्जा आहे तो!" "असंल की. पण तरंगतोय." नाही प्यायले ते नाहीच प्यायले. दुसरं कुणी असतं तर मी तो ग्लास त्याच्या डोक्यावर ओतला असता.

साथ आली, आम्ही सगळे दाराला कड्या लावून बसलो, आणि काका मात्र रोज कंपनीच्या बसने तुर्भ्याला. त्यांच्या कारखान्यात लस भरायचं काम आलं होतं. आपल्या देशाने कमाल केली असं पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं, शास्त्रज्ञांचे फोटो आले, यायलाच हवे होते. काकांचा नाही आला. मला मात्र तेव्हा त्या कौतुकाचंही काही सुचत नव्हतं, कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, लस घ्यायला तयार नव्हते. दमा, साखर, आणि वर सरकारी नोकरीत मुरलेला हेका! "आमच्या खात्यात साधी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वर्ष लागायचं, आणि ह्यांनी वर्षात लस काढली? काहीतरी गाळलंय. मी नाही टोचून घेणार." बाजूच्या विंगमधली दोन माणसं गेली होती. मी हात जोडले, रडले, अबोला धरला. ढिम्म हलले नाहीत. शेवटी वर जाऊन काकांनाच घेऊन आले.

काका दाराशी खुर्ची घेऊन बसले, मास्क सारखा केला आणि आपल्या चालीने सुरू झाले. "अण्णा, गाळलं काय न्हाई. एकामागनं एक करायची कामं एकदम केली. घरात लग्न निघालं की मांडव, आचारी, पत्रिका, सगळं संगंच चालतं का नाही? तसं. इकडं तपासण्या चालू, तवाच तिकडं बाटल्या भरायला घेतल्या. सोयरीक मोडली असती तर बुंदी वाया गेली असती, एवढंच."

मला वाटलं, जिंकलो. पण अण्णा कसले ऐकतात! "ते ठीक. पण साहेबांनी घाई लावली म्हणून तुम्ही एखादी बाटली तशीच सोडली नसेल कशावरून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "माझा धाकटा भाऊ साताऱ्याला ऑक्सिजनवर होता. त्या दिवशी एका बाटलीत तंतू दिसला. एका बाटलीत दहा माणसांचे डोस असत्यात, अण्णा. बाहेर माणसं तडफडत्यात आणि मी दहा जणांचं औषध टाकून देतोय. तरी काढली बाजूला. मग सगळा ट्रे परत बघितला."

"आणि भाऊ?" अण्णांनी विचारलं.

"गेला. त्याच्या वयाचा नंबर अजून लागायचा होता. तुमचा लागलाय."

अण्णा भिंतीला धरून उठले. "सूनबाई, माझं आधार कार्ड काढ," म्हणाले. मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडून घेतलं, आणि मग कार्ड शोधलं.

आता काका निवृत्त होऊन गावी गेलेत. वरचा फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरू चांगला आहे, पण भारी घाईचा. गेल्या महिन्यात अण्णांना ऐंशी पूर्ण झाली. केक कापायच्या आधी म्हणाले, काकांना फोन लाव. मी लावून दिला. मला वाटलं, आभार मानतील. पण अण्णांनी हळूच विचारलं, "तुमचा भाऊ आता केवढा असता हो?" पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. अण्णा मात्र नुसते "हो... हो..." म्हणत राहिले, आणि आम्ही कोणी केककडे गेलो नाही.