पुढं म्हणजे कुठं

माझ्या साडूनं मला फसवलं. लासूर स्टेशनच्या भंगारवाल्यानं नव्हे. त्याच्याशी मी भांडून सौदा जिंकला. फसवलं ते घरच्या माणसानं, आणि तेही माझी बाजू घेऊन. म्हणून राग जात नाही.

इंजिनाशी इतक्या अदबीनं आणि माणसांशी इतकं तुटक वागणारा दुसरा इसम उभ्या जिल्ह्यात मिळणार नाही. वाळूजच्या एका कारखान्यात साडूभाऊंची हयात गेली. शिफ्टच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागं कान देऊन बसत आणि उतरताना म्हणत, "तिसरं सिलिंडर रडतंय, बघ त्याच्याकडं." दुसऱ्या दिवशी ते तसंच रडत असलं तर हा माणूस रागानं सायकल काढी. इंजिन उघडायचं तर आधी चपला बाजूला काढून ठेवणार. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे गायब. अक्षता संपल्यावर मांडवामागून काळे हात घेऊन आले. मी तापलो, "पोरीचं लग्न लागलं, कुठं होता?" शांतपणे म्हणाले, "जनरेटर अडखळत होता. त्योबी लागला." कधीही काहीही विचारा, जेवायला कधी येता, घराला रंग कधी देता, उत्तर एकच: "बघू पुढं." या 'पुढं'नं मेव्हणीचे केस पांढरे झाले. माझं काय झालं, ते सांगतो.

मी जुनी शेतीची यंत्रं घेतो, विकतो. हमालीपासून सुरुवात केली, त्यामुळं भाव करताना कुणाच्या बापाला भीत नाही. त्या भंगारवाल्याकडं एक म्हातारा ट्रॅक्टर कापायला आला होता. पेट्रोलवर सुरू होणारा आणि मग रॉकेलवर चालणारा. भंगारवाला चाचा भाव सोडेना, मी चढेना. शेवटी चिडून मी म्हणालो, "आज चालवत नेला तर माझ्या भावानं माझा. नाय चालला तर बयाणा तुझा, ट्रॅक्टरबी तुझा." चाचा हसला. "हौ सेठ. पाँच बजे मेरा कटर चलेगा, फिर रोना नक्को."

साडूभाऊंना फोन केला. कधी नव्हे ते 'पुढं' न म्हणता दुपारी दोनला हजर. ट्रॅक्टरकडं बघितलं, चपला काढल्या. "लहानपणी पाचोडच्या बाजाराला ह्याचाच आवाज यायचा शेठ. ह्याला कापायचं नाय." मी त्यांचा धाकटा साडू, पण मला टोमणा मारायचा असला की ते शेठ म्हणतात. त्या दिवशी टोमणा नव्हता.

अशा इंजिनात ठिणगी पडायची वेळ जुळवावी लागते. ठिणगी देणारा मॅग्नेटो दोन बोल्ट ढिले करून केसभर फिरवायचा, बस. पण तो केसभर कुठं थांबतो, ते साडूभाऊंनाच ठाऊक. त्यांनी खिशातल्या डायरीतून पतंगाचा कागद काढला, मॅग्नेटोतल्या उघडमीट करणाऱ्या पॉइंटच्या फटीत धरला आणि मला हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं. स्वतः डोळे मिटले. कागद सुटला ती ठिणगीची वेळ. "थांबा!" एवढंच ओरडले. मी इकडचं-तिकडचं विचारू लागलो तर म्हणाले, "समोर ध्यान द्या. तोंडानं इंजिन चालत नाय."

चारला मी पहिल्यांदा हँडल मारलं. एक खोकला, धुराची पिचकारी, हाताला हलका झटका. चाचानं कटरच्या गॅसच्या नळ्या सोडवायला घेतल्या. साडूभाऊ म्हणाले, "हँडल मी मारतो. तुम्ही मॅग्नेटो थोडा पुढं घ्या."

"पुढं म्हणजे कुठं?"

"शेठ, पुढं म्हंजे पुढं!"

दुसऱ्यांदा विचारणं माझ्या स्वभावात नाही. आयुष्यभर मी पुढं जाणं म्हणजे दुसऱ्याच्या आधी पोचणं समजत आलो. ठिणगी आधी पडेल असा मॅग्नेटो मी फिरवला आणि बोल्ट आवळले. त्यांच्या मनात होतं लग्न पुढं ढकलतात तसलं 'पुढं'. ठिणगी जरा उशिरानं. त्यांनी हँडल ओढलं. ठिणगी वेळेआधी पडली आणि इंजिनानं ते उलट फेकलं. काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि साडूभाऊ मनगट पोटाशी धरून खाली बसले.

"पुढं म्हणालात ना!" मी किंचाळलो.

ते दात आवळून म्हणाले, "इकडं घ्या. माझ्या हनुवटीकडं. अजून. बास. आवळा. हँडलभोवती अंगठा घालू नका." पाचाला दहा कमी होते. मी हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला म्हातारा गरजला. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. मनगटाचं की आवाजाचं, विचारलं नाही.

चाचा धावत आला. "अरे, हाथ को क्या हुआ मिस्त्री?"

"माझाच हात चुकला," साडूभाऊ म्हणाले.

हीच ती फसवणूक. दवाखान्यात तेच सांगितलं, मेव्हणीला तेच. मी माझी चूक कबूल करायला तोंड उघडलं की म्हणतात, "शेठ, झालं ते झालं." भांडा की! चार शिव्या घाला! माझ्या वाट्याची चूक उचलून नेणारे तुम्ही कोण?

ट्रॅक्टर आता माझ्या गोदामासमोर असतो. दर रविवारी साडूभाऊ येतात, चपला काढतात, वाकडं जुळलेलं मनगट मांडीवर ठेवून ऐकतात. टायमिंग बघताना पतंगाचा कागद मी धरतो, कारण तो कधी सुटला ते त्यांच्या बोटांना आता कळत नाही. मी थांबतो ती जागा दर वेळी थोडी चुकते, आणि ते आवाजावरून ओळखून गप्प राहतात. मी विचारतो, "साडूभाऊ, चूक कुणाची होती, ते मेव्हणीसमोर कधी सांगता?"

"बघू पुढं."

पुढं म्हणजे कुठं, साडूभाऊ? एकदा विचारून गप्प बसलो, त्याचं काय झालं ते बघितलं. आता दुसऱ्यांदा विचारतोय. उत्तर द्या.