दहावं नाव

परब सर काल सकाळी गेले. माझा फॉर्म अजून माझ्या सॅकमध्ये आहे.

भरलेला आहे. फोटोही चिकटवलाय. फक्त कॉलेजात जाऊन सही करायची राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुडाळजवळच्या आमच्या कॉलेजात सर एक सर्टिफिकेट कोर्स घ्यायचे. ‘नाट्य आणि जग’. निम्मा दशावतार, निम्मं जगाचं राजकारण. ऐकणारा पहिल्यांदा हसायचाच. मीही हसलो होतो.

मी बीए दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. त्या वर्गात गेलो, कारण कॉलेजच्या गेटवर माझ्या गाडीची चेन तुटली आणि त्या खोलीत फॅन चालू होता. चेनची गोष्ट वेगळीच आहे, ती राहू दे.

मग जातच राहिलो. नाव न घालता.

सरांनी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाले, “फुकट्या, पुढच्या बाकार बस. मागे झोप येता.”

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. दुपारी कथा सांगतात, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. सरांचे वडील जन्मभर दशावतारात राणी करायचे. त्यांचा एकच नियम सर फळ्यावर लिहून ठेवायचे.

समोरच्याचं बोलणं पडू द्यायचं नाही.

म्हणजे कोणी काही बोललं की उत्तर गेलंच पाहिजे. चुकीचं का असेना. नाहीतर तो बिचारा लोकांपुढे उघडा पडतो.

एका दुपारी सरांनी आमच्याकडून सुरक्षा परिषद करून घेतली. दशावतारासारखी, कागद हातात न घेता. वैभववाडीची श्रद्धा महासत्ता झाली. मी समुद्रात बुडत चाललेलं एक छोटं बेट.

श्रद्धा उभी राहिली आणि म्हणाली, “तुमच्या बेटाचं आम्ही काय करायचं?”

“आमचं बेट... बुडतंय,” मी पुटपुटलो.

सर मागून ओरडले, “देश बारको म्हणान आवाजपण बारको? बोल मेल्या! तुझा घर खंय आसा?”

माझं घर देवबागला. एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या. मग मी आमच्या मागच्या माडांचं सांगितलं. पाच होते, आता दोन आहेत. आई दर पावसाळ्यात पेटी भरून दाराशी ठेवते, तेही सांगितलं. किती वेळ बोललो माहीत नाही.

श्रद्धा म्हणाली, “व्हेटो!”

सगळे फुटले. मीपण.

सर मात्र हसले नाहीत. “व्हेटो मारलंस, बरा केलंस. आता उत्तर दी. आमच्या थंय राजाकपण उत्तर देवचा लागता.”

श्रद्धा खाली बसली आणि रडली. नंतर कॅन्टीनमध्ये मला म्हणाली, “तुझ्या आईची पेटी मध्येच कित्याक आणलंस रे?” त्या दिवशी तिने मला दोन वडे खाऊ घातले.

त्या दिवसापासून सर मला द्वीपराज म्हणायचे.

पुढच्या वर्षी नियम आला. दहा नावं नसतील तर कोर्स बंद. सर तासिका तत्त्वावर होते. कोर्स बंद म्हणजे सरही बंद.

मी म्हटलं, “सर, माझं नाव घाला. नक्की.”

फॉर्म घेतला. भरला. आणि होन्नावरला गेलो. एका मित्राने होडी रंगवायला बोलावलं होतं. चार दिवसांसाठी गेलेलो, महिना राहिलो. मला असंच होतं. रस्त्यात काही दिसलं की मी तिकडे.

सरांचा मेसेज आला. “नऊ झाली. दहावो तू. शुक्रवारपर्यंत सही व्हयी.”

वाचला. म्हटलं, संध्याकाळी उत्तर देतो.

गुरुवारी व्हॉइस नोट आली. सर दशावतारातल्या राजाच्या आवाजात गर्जत होते.

“द्वीपराज! सभा भरली आहे. आपले आसन रिकामे आहे. उत्तर द्या!”

मग खोकला. मग त्यांच्या साध्या आवाजात, “ये रे मेल्या.”

मी होडीवर सगळ्यांना ऐकवली. सगळे हसले. उत्तर द्यायचं राहिलं.

शुक्रवार गेला.

सर घरी काजूची बाग बघायला लागले. ती खोली आता मोडक्या बाकांना दिलीय. दोन वर्षं झाली. तोंड दाखवायचं माझं धाडस झालं नाही. पिंगुळीवरून कितीदा गेलो, सरांच्या घराच्या फाट्याला गाडी हळू केली, आणि पुढे गेलो.

डॉक्टर म्हणतात हार्ट होतं, जुनंच. एका फॉर्मने माणूस मरत नाही, हे मला कळतं. कळून काय करू?

काल स्मशानात लोक दोन-दोन शब्द बोलत होते. कोणीतरी म्हणालं, “सरांचो विद्यार्थी आसा हयसर, त्याका बोलू दे.” मी पुढे झालो.

लोक बघतायत आणि मी चपलांकडे बघतोय.

तेव्हा मागून श्रद्धाचा आवाज आला. वैभववाडीहून मिळेल त्या गाडीने आलेली. अगदी हळू, पण त्याच महासत्तेच्या आवाजात.

“द्वीपराज, सभा तुझ्यासाठी थांबली आसा.”

तिने मला उघडं पडू दिलं नाही.

“सर, इलंय.” आलो, एवढंच मला म्हणता आलं.

आणि मागे येऊन उभा राहिलो.

सर, तुमचं बोलणं माझ्याकडून पडलं. ते आता उचलून द्यायला समोर तुम्ही नाही.

तुमचा फुकट्या तुम्हाला हात जोडतो. सुखाने जावा, सर.