कडी नसलेली खोली

खारघरच्या आमच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला आम्ही दोघीच मुली. त्या वर्षी मला झोपच लागत नव्हती. घरात कोणी गेलं नव्हतं, कोणी मारत नव्हतं, तरी सकाळी उठले की दमलेलीच. आई म्हणाली, "या वयात कसलं आलंय टेन्शन!" बाबांना सांगायची सोयच नव्हती. हिला झेपलं नाही की कॉलेज बंद आणि लगेच लग्न, हे त्यांचं कधीचं ठरलेलं.

वर्कशॉपात वायरिंगला हात लावायच्या आधी मेन बंद करायचा आणि त्यावर पाटी अडकवायची, 'काम चालू आहे, स्विच लावू नका'. ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावला की सर सोलून काढायचे. एकदा मी पाटी नीट अडकवली आणि मेन बंद करायचाच विसरले. फाडकन झटका बसला, पक्कड लांब उडाली.

"पाटी वाचून करंट थांबतो काय गं?" सर ओरडले. मग माझं तोंड बघून हळू म्हणाले, "झोपतेस का नीट?" झालं! सगळ्या पोरांसमोर मी रडले. स्वतःचाच भयंकर राग आला.

"गुरुवारी समुपदेशनाच्या मॅडम येतात. त्यांना भेट, मगच कामाला हात लाव," सर म्हणाले. "घरी मी काही बोलणार नाही."

मॅडम बसायच्या वर्कशॉपच्या टोकाच्या खोलीत. पोरं त्या खोलीला येड्यांचं ऑफिस म्हणायची. दाराला कडी नाही, वर्कशॉपची शिडी आतच ठेवलेली, त्यामुळे जो तो दार ढकलून आत. तिथे काय डोंबल बोलणार? आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगाही बॅचला होता. बातमी बाबांपर्यंत पोचायला कितीसा वेळ!

तरी गेले. मॅडमनी विचारलं तर "बरी आहे" म्हणाले. लक्ष सगळं दाराकडे. बाहेर काहीतरी खडखडलं, पण शिडी न्यायला कोणीच आलं नाही. मग हळूहळू बोलले. "रोजचा कंटाळा आलाय, सगळ्याचाच," असं तोंडून निघालं तेव्हा माझी मीच घाबरले. मॅडम घाबरल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी ये म्हणाल्या.

दार उघडलं तर बाहेरून तीच पाटी अडकवलेली. 'काम चालू आहे.' डोकंच सणकलं. मस्करी करतात मेले! ओढून काढणार, तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. वर्गातली दुसरी मुलगी, उरणकडची, दिवसभर सगळ्यांची फिरकी घेणारी. दाराशी पालथ्या बादलीवर बसली होती.

"हात नको लावू. मी लावलीय."

"कशाला?"

"शिडीवाले येत व्हते. परत धाडले सगले."

तिने पाटी काढली आणि माझ्या हातात दिली.

"आता तू लाव. मी जाते आत."

"तू? तुला काय झालंय?"

"झोप कुनाला येते गं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी पाटी अडकवली आणि बादलीवर बसले. थोड्या वेळाने आमच्या बिल्डिंगमधला तो मुलगाच शिडी मागायला आला. नंतर ये म्हटलं.