सासऱ्यांचा मोर

बायकोचे पायातले चांदीचे तोडे मी तिला न सांगता गुलमंडीत उजळायला टाकले, आणि वर शहाणपणानं कारागिराला सांगितलं, "आतून एक खड्डा पडलाय, तोही घासून सपाट करा."

घरी येऊन ही मर्दुमकी सांगितली. बायको भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली. "तो खड्डा नाय. बाबांची छाप आहे," एवढंच म्हणाली आणि चपला घातल्या.

माझे सासरे पिशोरचे सोनार. घडवलेल्या दागिन्यात आतून, कातडीला लागेल अशा जागी, ते आपली छाप ठोकायचे. मोडायला आलेल्या दागिन्यात ती दिसली की चांदी तपासायचीच नाही, हा त्यांचा रिवाज. ते गेल्यावर ती ठोकायची पोलादी छाप घरच्यांनी नदीत सोडली. त्यांच्या नावानं दुसऱ्या कुणी ठोकू नये म्हणून. आता त्यांच्या हातचं आमच्याकडं हे तोडेच होते. त्यातही छाप एकाच तोड्यात, कोणत्या ते तिलाही आठवेना. हे सगळं मला स्कूटरवर, मागून, कानात कळलं. सासुरवाडीला मी बहुतेक जेवायलाच जायचो. क्रांती चौकात सिग्नल लाल होता, तोही माझाच दोष ठरला.

दुकानात पॉलिशचं मशीन सुरू होतं. एक तोडा लखलखत बाजूला ठेवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. बायकोनं लखलखता उचलून आतून बोट फिरवलं. गुळगुळीत. मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

"चाचा, मशीन बंद करा. तो द्या इकडं."

"लेव भाभी. इसको अभी लगायाच नै."

तिचं बोट आत फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. मग तिनं चाचांचं भिंग माझ्या हातात दिलं.

मोहरीएवढ्या जागेत मोर होता. मान मागं वळवलेला. त्याला डोळा होता, डोक्यावर तुरा होता. हे त्या माणसानं पोलादाच्या टोकावर उलटं कोरलं, ठोकल्यावर सुलट उमटावं म्हणून. आणि ठेवलं कुठं, तर घोट्याजवळ, कुणी बघणार नाही तिथं. बँकेत माझ्या दोन सह्या जुळत नाहीत. भिंग परत द्यावंसंच वाटेना.

येताना मी म्हटलं, "एवढं थोर काम, आणि कधी बोलले नाहीत माझ्याशी."

"खात्री पटल्याशिवाय बाबा छाप मारत नव्हते," बायको मागून म्हणाली. "तुम्हाला बघायला आले, तेव्हा खिशातच होती. तशीच परत नेली."