अक्का शिखराखालून परतल्या तेव्हा

चौकातल्या फ्लेक्सवर छापलं होतं ते खरं नाही.
आमच्या अक्का शिखरावर पोहोचल्या नव्हत्या.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. मेंदूत रक्तस्राव झाला, सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोंगराशी त्याचा संबंध नव्हता. मी दोन डॉक्टरांना विचारून खात्री केली आहे.

फ्लेक्स लावणाऱ्यांनी प्रेमानंच ‘शिखर सर करणाऱ्या’ असं लिहिलं. तेव्हा मी गप्प बसले. आज लिहिते, कारण खरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.
की मी त्यांची धाकटी जाऊ म्हणून तसं वाटतं? तुम्हीच ठरवा.

कुंडलच्या आमच्या घरात अक्का सगळ्यांच्या आधी उठायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. थोरले दीर, म्हणजे अक्कांचे यजमान, आमचे दादा, सैन्यातून सुभेदार होऊन परतले. दोन हिवाळे त्यांनी बर्फातल्या पोस्टवर काढले होते. तिथलं काही विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

एकदा शाळेत शिकवून आल्यावर मी मोबाईलवर लडाखमधल्या गाईडेड क्लाइम्बची जाहिरात बघत होते. माझ्यासाठी.
अक्का मागून म्हणाल्या, “माझं बी नाव घाल.”
“अक्का, सहा हजार मीटर आहे.”
“आसंना. ह्यांनी तर काय सांगितलं न्हाई. मीच बघून येते.”
वय त्रेपन्न.

स्टॅमिन्याचं टेन्शन होतं ते माझं. अक्का सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून गावामागचा डोंगर चढायच्या आणि वरून ओरडायच्या, “येतीस का मास्तरीणबाई, का पालखी धाडू?”

मग आमच्या मोहिमेच्या लीडरचा, स्टॅन्झिनचा, व्हिडिओ कॉल झाला. वर डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच सांगायचं, असं त्यानं बजावलं. “सिरदर्द छुपाया, तो मैं आपको नहीं, आपकी बॉडी लेके उतरूँगा.”

कॉल संपल्यावर दादा म्हणाले, “ही जाणार न्हाई. हिला चढता यील. सांगता येणार न्हाई.”

खरं होतं. बोटाला विळा लागला तरी चिंधी गुंडाळून भाकरी थापणारी बाई.

तेव्हापासून दादांनीच ट्रेनिंग बदललं.
रात्री अक्कांनी आधी जेवायला बसायचं. दादा वाढणार. आणि पहिला घास घेण्याआधी सगळ्यांसमोर रिपोर्ट द्यायचा: आज काय दुखतंय.

त्यापेक्षा डोंगर सोपा होता.

“काय न्हाई दुखत.”
“खरं बोल.”
“आवं, न्हाई म्हंते न्हवं!”

कितीतरी दिवस हेच. मग एकदा ताटाकडे बघत म्हणाल्या, “डावा गुडघा.”
सासूबाई दचकल्या. “कवापासनं गं?”
“धाकट्याच्या बाळंतपणापासनं.”
“आगं बया! आन बोलली न्हाईस?”
“इचारलं कुणी?”



गुडघ्यावर उपचार झाले. डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला दिला. आम्ही दोघी गेलो.

हाय कॅम्पपर्यंत, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या तळापर्यंत, टीममध्ये सगळ्यात दमदार अक्काच. दुसऱ्या दिवशी शिखर. ते समोरच दिसत होतं. दुपारी लीडर एकेकाला विचारत आला.
“फाईन, सर.”
“ऑल गुड, सर.”

अक्का शिखराकडे बघत होत्या. आता ‘काय न्हाई’ म्हणणार, असं मला वाटलं. म्हणाव्यात, असंही क्षणभर वाटलं.

“सर, डोका दुखता है. सकाळपास्नं. मळमळता बी है.”

लीडरनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. “दीदी, नीचे. अभी.”

त्या बूट बांधत होत्या, तेवढ्यात टीममधला एक तरुण इंजिनिअर हळूच म्हणाला, “सर, मुझे भी... दो बार उल्टी हुई है.”
मघाशी ‘ऑल गुड’ म्हणणारा तोच. त्याची अवस्था अक्कांपेक्षा वाईट निघाली. त्याला ऑक्सिजन लावूनच उतरवलं.

“मी पण येते,” मी म्हणाले.
“तुझं काय दुखतंय?”
“काही नाही.”
“मग वर जा की!”

मी गेले. शिखरावरच्या फोटोत मी एकटीच आहे.

गावी आल्यावर ओसरीवर माणसं जमली. भावकीतला एक जण हसला, “एवढं करून, डोकं दुखलं म्हणून माघारी व्हय, वैनी?”

दादा उठले. मला वाटलं, निघाले गोठ्यात.
पण ते तिथंच उभे राहिले.

“माझ्या हाताखाली एक पोरगं हुतं. लय तगडं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं न्हाई त्यानं. भ्याला म्हंतील म्हणून. त्याला मी खांद्यावरनं खाली आणला.”
मग अक्कांकडे हात करून म्हणाले,
“ही सोताच्या पायानं आली.”


अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत दादा त्या बर्फातलं पहिल्यांदाच बोलले होते.

अक्का, तुम्ही परत फिरलात, याचाच आम्हाला अभिमान आहे.
धाकटीचा नमस्कार घ्या.