डबा वाजला की येणारे मासे

सन दोन हजार सतरा. मला सत्तर सरली होती. पोराने धरणात मासे पाळायचे जाळीचे पिंजरे टाकले, म्हणून बघायला गेलो. त्याने खाद्याचा पत्र्याचा डबा वाजवला आणि झाडून सगळे चिलापी मासे तोंडं वासून वर आले. मला किळसच आली.

आम्हा भोयांच्या पोरांना बाप जाळ्याआधी सावली सांभाळायला शिकवायचा. ऊन तोंडावर घेऊन काठाला जायचं. सावली पाण्यावर पडली की मासा गेलाच. आणि हे बेटे माझ्याच सावलीत गोळा झाले! याला मासा म्हणायचं? ही तर पाण्यातली कोंबडी. परमुलखात भर समुद्रातसुद्धा असेच पिंजरे टाकतात म्हणे. दाटी एवढी की एकाला रोग लागला तर सगळा पिंजरा पोट वर करतो, म्हणून औषधही खाद्यातूनच. खा आणि पडून राहा.

पोरगा म्हणाला, "बाबा, आता जाळं खुंटीला टांगा. घरबसल्या दोन वेळचं मिळतंय की."

"तुझ्या चिलाप्यांनाही मिळतंय," मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो. पण त्याच संध्याकाळी आत ताटं वाजली आणि सुनेने हाक मारायच्या आधीच मी उठून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कपबशी वाजायच्या आत, मी जाळं खांद्यावर टाकलं आणि धरणाखाली नदीवर गेलो. ऊन तोंडावर घेऊन.